रातांब्याचे क्लास

चार हजार लेबलं. कोकम सरबताच्या बाटलीसाठी, गडद लाल रंगात, मुद्दाम कोल्हापूरहून छापून आणलेली. नावाच्या उजव्या खांद्यावर बारीकसा गोलातला आर, नाव नोंदलेलं असल्याची खूण. ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. तो आर बघून मला जो आनंद व्हायचा, तो मुलाच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

मुंबईच्या एका प्रदर्शनात स्टॉल लावला होता. एक वकीलबाई सरबत घ्यायला आल्या. बाटली उलटीसुलटी करून त्यांनी विचारलं, "नोंदणी कुठल्या क्लासमध्ये केलीत?"

म्हटलं, तीसमध्ये.

"अहो, सरबत बत्तीसमध्ये येतं. हा आर या बाटलीवर नाही चालायचा."

घरी येऊन सर्टिफिकेट पहिल्यांदा नीट वाचलं. माझं नाव कॉफी, चहा, कोको, साखर, तांदूळ, पीठ, पाव, मध, मीठ, मसाले आणि बर्फ एवढ्यासाठी नोंदलं होतं. बर्फ! मी आयुष्यात बर्फ विकला नाही. आणि जे विकत होते त्या सरबताचा त्यात पत्ताच नव्हता. अर्ज भरून देणाऱ्यानं मला एवढंच विचारलं होतं, "खाण्यापिण्याचं आहे ना?" मी हो म्हटलं, त्यानं तीस टाकलं आणि तीस नंबरचं छापील शीर्षक जसंच्या तसं उतरवलं. चूक त्याची होती, पण न वाचता सही करणारी मी होते.

तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीत कुणालाही नावाची नोंदणी करायची असली, की आधी माझ्या ओटीवर वही घेऊन बसायचं असा रिवाज पडलाय. मी वकील नाही, कोकम करणारी बाई आहे. पण क्लास कसा ठरवायचा हे पैसे घालवून शिकलेय.

हे नंबर आले कुठून

ट्रेडमार्क म्हणजे नावाची मालकी, असं आपण समजतो. तसं ते नाही. ट्रेडमार्क म्हणजे अमुक मालावर अमुक नाव वापरायचा हक्क. माल सांगितल्याशिवाय नाव नोंदताच येत नाही. जगातला सगळा माल कुठल्यातरी कप्प्यात बसवायचा म्हणून १९५७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात देशादेशांचा करार झाला. तो कारभार आता जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना बघते. एकूण कप्पे ४५. त्यातले १ ते ३४ वस्तूंचे, ३५ ते ४५ सेवांचे. आपला देश करारात रीतसर सामील झाला तो २०१९ मध्ये, पण नंबर आपल्याकडे त्याआधीपासून हेच. १९९९ चा आपला ट्रेडमार्क कायदा सप्टेंबर २००३ पासून लागू झाला, आणि खानावळ, लॉज, क्लासेस अशा सेवांची नावं नोंदायची सोय आपल्याकडे तेव्हापासूनच झाली. त्याआधी फक्त वस्तू.

एक घोळ आधीच सोडवते, कारण दर वेळी कुणीतरी तो घालतंच. जीएसटीच्या बिलावरचा एचएसएन नंबर वेगळा, अन्न परवान्यावरचा प्रकार वेगळा आणि ट्रेडमार्कचा क्लास वेगळा. एकावरून दुसरा काढता येत नाही. ऑनलाइन अर्जाला जी डिजिटल सही लागते, तिलाही 'क्लास ३' म्हणतात. माझी एक मैत्रीण त्यावरून "आपला क्लास तीन झाला" असं समजून बसली होती. तीन नंबर साबण, अत्तर, उदबत्तीचा. ती लोणची करते.

खोबरेल तेलाचंच बघा. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल खायचं की डोक्याला लावायचं, यावर करखातं आणि कंपन्या वर्षानुवर्षं भांडत होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की केसांचं तेल म्हणून विकलं जात नसेल, तर करासाठी ते खाद्यतेलच. ट्रेडमार्कमध्ये हे भांडण करावंच लागत नाही. खायचं खोबरेल २९ मध्ये, केसांना लावायचं ३ मध्ये. दोन्ही विकत असाल तर दोन्ही घ्या आणि दोन्हींची फी भरा. कर एकाच माथी बसतो, क्लास कितीही घेता येतात.

वहीची पानं

नावाचा विचार नंतर. आधी वहीत माल लिहायचा. "घरगुती उत्पादनं" असं नाही लिहायचं. बिलावर जशी ओळ येते तशी लिहायची. कोकम सरबत, एक ओळ. आमसूल, दुसरी. आगळ, तिसरी. प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहायच्या. माझ्या हातातून वस्तू कोणत्या रूपात बाहेर पडते, आणि घेणारा तिचं काय करतो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा क्लास या दोन उत्तरांतच असतो.

जाऊबाईंना हे पटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सगळा खावचाच मा? मगे एकाच नंबरात घाल." म्हणून मी त्यांना रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

एप्रिल-मेमध्ये झाडावरून उतरवलेले ताजे रातांबे टोपलीनं विकलेत, तर तो शेतमाल. क्लास ३१. ताजी फळं, ताजी भाजी, बियाणं, रोपं, जनावरांचा चारा हे सगळं तिथे. रातांब्याची कलमं विकत असाल तर तीही ३१ मध्येच.

तेच रातांबे फोडून, सालं रसात आणि मिठात बुडवून उन्हात वाळवली, परत बुडवली, परत वाळवली, की आमसूल झालं. आता ते ताजं फळ राहिलं नाही. टिकवलेली, वाळवलेली, शिजवलेली फळं आणि भाज्या २९ मध्ये जातात. पण घेणारा आमसुलाचं काय करतो? आमटीत आंबटपणासाठी टाकतो. म्हणजे मसाल्यासारखा वापर, आणि मसाले ३० मध्ये. इथे दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मी आमसुलासाठी २९ धरते, कारण वस्तू मुळात वाळवलेलं फळच आहे. पण नावाचा शोध घेताना दोन्ही बघते. आमसुलाची पूड करून डबीत भरली, तर मात्र मी ती मसाल्यात, म्हणजे ३० मध्ये टाकीन.

सालं साखरेत भरून बरणी उन्हात ठेवली, की सरबताचा पाक. बिनदारूची पेयं आणि ती करायचे पाक ३२ मध्ये. पाण्याच्या बाटल्या, फळांचे रस, सोडा, पन्हं आणि बिअरसुद्धा. हो, बिअर ३२ मध्ये आणि बाकी सगळी दारू ३३ मध्ये. आमच्या सरबताची शेजारीण बिअर आहे, हे सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.

आगळानं मला सगळ्यात जास्त छळलं. आगळ म्हणजे मीठ घातलेला दाट रस. रस म्हणजे पेय म्हणजे ३२, असं मी धरून चालले होते. मग जिनिव्हाच्या यादीत टोमॅटोचा रस सापडला, तोही दोन ठिकाणी. प्यायचा टोमॅटो रस ३२ मध्ये आणि स्वयंपाकात घालायचा टोमॅटो रस २९ मध्ये. लिंबाच्या रसाचंही तसंच. आगळ कुणी तसंच पीत नाही, ते कढीत, आमटीत जातं. म्हणून माझं आगळ २९ मध्ये, "स्वयंपाकासाठी कोकमाचा दाट रस" अशा वर्णनानं. तुमची वस्तू यादीत नसेल तर तिची बहीण शोधा. आगळ तिथे नाही, कोकमही क्वचितच भेटेल, पण टोमॅटो, लिंबू, चिंच यांच्यावरून वाट सापडते.

बाटलीबंद सोलकढीचं अजून अवघड. सगळे ३२ म्हणतात, पण प्यायची प्रत्येक गोष्ट ३२ मध्ये नसते. ज्यात दूध मुख्य आहे ती पेयं २९ मध्ये, चहा-कॉफीची पेयं ३० मध्ये, आणि नारळाच्या दुधाची पेयंसुद्धा २९ मध्ये. सोलकढीत मुख्य काय, नारळाचं दूध की कोकम? आमच्या घरी नारळ. हॉटेलात मिळते तिच्यात काय असतं ते देव जाणे. तुमच्या सोलकढीत नारळ मुख्य असेल, तर त्याचाच धागा धरून २९ घ्या.

उरल्या बिया. त्या फोडून, उकळून वर तरंगणारं तेल गोळा करून मुठीत वळलं की मुठेल. टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना लावायला म्हणून विकलंत तर सौंदर्यप्रसाधन, क्लास ३. त्याच डबीवर "भेगा बऱ्या करणारं औषधी मलम" असं लिहिलंत, तर क्लास ५, औषधांचा. वस्तू तीच, फक्त लेबलावरचे शब्द बदलले. आणि ५ मध्ये नाव टाकलं, की शेजारी औषध कंपन्यांची नावं बसलेली असतात. नावाचा जरा जरी सारखेपणा दिसला, तरी औषधांच्या बाबतीत जास्त काटेकोरपणे बघतात, कारण तिथे घोटाळा झाला तर जिवावर बेतू शकतं. औषधी असल्याचा दावा करायला परवानाही वेगळा लागतो. तो नसेल तर ते शब्दच लेबलावरून काढा. क्लासही सुटतो आणि दुसरं लफडंही टळतं.

झाडावरून काढलेलं एकच फळ, आणि नंबर झाले ३१, २९, ३०, ३२, ३ आणि ५. जाऊबाई यावर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आपली यादी घेऊन आल्या.

पाच नंबरचा खड्डा

त्यांच्या यादीत नाचणी सत्त्व होतं. पुढे लिहिलेलं, "सहा महिन्यांपुढील बाळांसाठी". नाचणीचं पीठ, सत्त्व, कुळथाचं पीठ ही धान्याची पिठं, म्हणून ३०. पण लहान बाळांचं अन्न ५ मध्ये येतं. अंगात रक्त वाढवणारं, साखर कमी करणारं असं पूरक अन्नही ५ मध्ये. साधा चहा ३० मध्ये, औषधी काढ्याचा चहा ५ मध्ये. कोकणातल्या अर्ध्या वस्तू आपण "गुणकारी" म्हणून विकतो, त्यामुळे हा खड्डा आपल्या वाटेत नेहमीचाच. जाऊबाईंनी "बाळांसाठी" खोडलं. विकताना तोंडी सांगायचं ते सांगतातच.

काजूचं बघताना बोंडू, म्हणजे फळ, आणि बी वेगळे करा. कच्ची बी ३१ मध्ये. भाजून, सोलून, खारवलेला काजूगर २९ मध्ये. काजूकतली मिठाई म्हणून ३० मध्ये. बोंडूचा रस ३२ मध्ये, आणि गोव्यात त्याची फेणी झाली की ३३. आंबापोळी, फणसपोळी, फणसाचे तळलेले गरे ही फळांचीच रूपं, म्हणून २९. बटाट्याच्या चकत्यासुद्धा २९ मध्येच. पण तांदळाच्या पिठाची चकली, कडबोळी ३० मध्ये. बशीत शेजारी शेजारी बसतात, पण एक बटाट्याची आणि दुसरी धान्याची. लोणचं २९ मध्ये, मालवणी मसाला ३० मध्ये. लोणच्याचा मसाला विकत असाल तर तोही ३० मध्ये. लोणचं आणि त्याच्याच मसाल्याच्या मधे हा नंबर बदलतो, तिथे बरेच जण पडतात.

खाद्यपदार्थ सोडून दुसरं काही करत असाल, तरी रीत तीच. तयार वस्तू असेल तर ती कशासाठी आहे ते आधी बघायचं. त्यानं ठरलं नाही तर कशाची केलीय ते. कच्चा माल असेल तर थेट कशाचा आहे ते. सावंतवाडीची लाकडी खेळणी लाकडाची म्हणून कुठे वेगळी जात नाहीत, खेळणी म्हणून २८ मध्ये जातात. अंगावर घालायचे कपडे आणि चपला २५ मध्ये, नुसतं कापड आणि चादरी २४ मध्ये, दागिने १४ मध्ये, पिशव्या आणि छत्र्या १८ मध्ये, स्वयंपाकाची भांडी २१ मध्ये. एक प्रश्न हमखास येतो. बाटलीसाठी, खोक्यासाठी, छापील लेबलासाठी वेगळा क्लास लागतो का? नाही. तुम्ही सरबत विकता, बाटली नाही.

यादी कशी वाचायची

जिनिव्हाच्या साइटवर पूर्ण यादी फुकट बघता येते. इंग्रजीत आहे, पण घाबरू नका, शाळेत जाणारं पोर शेजारी बसवा. प्रत्येक क्लासच्या वर एक छोटं शीर्षक असतं. आमच्या त्या माणसानं उतरवलं ते हेच. शीर्षकावर थांबायचं नाही. खाली टिपा असतात. त्या क्लासमध्ये विशेष काय येतं, आणि काय येत नाही. मी नेहमी "येत नाही" हा भाग आधी वाचते, कारण तिथेच योग्य नंबर लिहिलेला असतो. त्याखाली वस्तूंची वर्णानुक्रमे यादी. दर वर्षी १ जानेवारीला तिच्यात थोडेफार बदल होतात, काही वस्तू एका कप्प्यातून दुसऱ्यात जातात, म्हणून कुणाच्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. खानावळीसुद्धा एके काळी ४२ मध्ये होत्या. २००२ मध्ये ४२ फोडून ४३, ४४, ४५ केले, तेव्हा त्या ४३ मध्ये आल्या.

अर्जात मालाचं वर्णन हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावं लागतं. "आगळ", "मुठेल" असे शब्द तसेच टाकले, तर मुंबईत अँटॉप हिलच्या ऑफिसात बसलेल्या तपासनिसाला कसं कळायचं? म्हणून वस्तू काय आहे ते उलगडून लिहा. तुमचं नाव मराठी असेल तर त्याचा उच्चार आणि अर्थही द्यावा लागतो. "या क्लासमधला सगळा माल" असं लिहायचा मोह टाळा. एवढ्या सगळ्याचा वापर आहे किंवा होणार आहे हे पटवता आलं नाही, तर अर्ज नाकारता येतो. आणि समजा मंजूर झाला, तरी ते माझ्या बर्फासारखंच व्हायचं.

उलट फार आखूडही लिहू नका. अर्ज गेल्यावर टीएम-एम नावाच्या फॉर्मनं यादीतला माल कमी करता येतो, पण मूळ यादीत नसलेला माल नंतर घुसडता येत नाही. माझ्या तीस नंबरच्या अर्जात सरबत घालता आलं नाही ते याच नियमामुळे. नवा अर्ज, नवी फी. म्हणून आज जे विकता ते सगळं आणि येत्या दोन-तीन वर्षांत जे नक्की काढणार आहात तेही लिहा. नातवाच्या लग्नापर्यंतचं नको.

आणि शेवटी कुठला माल कुठल्या क्लासमध्ये, हे ठरवायचा अधिकार रजिस्ट्रारचा. कायद्याच्या कलम ७ मध्येच तसं म्हटलंय, आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. त्यामुळे सोलकढीवरून कुणाशी भांडत बसू नका.

एकाच क्लासमध्ये दुसरा बसलेला असेल तर

अर्जाआधी सरकारी साइटवर नाव शोधायचं असतं. तिथे क्लास टाकावाच लागतो, आणि लोक आपला एकच टाकून "नाव मोकळं आहे" म्हणून खूश होतात. सरबतवाल्यानं ३२ सोबत २९, ३०, ३१ आणि ४३ सुद्धा बघावेत. कायदा नंबर सारखा आहे का एवढंच विचारत नाही, माल एकमेकांसारखा आहे का आणि गिऱ्हाइकाचा घोळ होईल का, हे विचारतो. ३० मध्ये कुणाचा त्याच नावाचा मसाला जोरात चालू असेल, तर तुमच्या ३२ च्या अर्जावर तो बोट ठेवू शकतो. उच्चारावरून शोधायची सोयही आहे, ती वापरा. "सखी" आणि "सखि" हे दोन वेगळे आहेत असं फक्त मराठीच्या मास्तरांना वाटतं.

याची दुसरी बाजू मला जास्त आवडते, कारण तिनं आमच्या एका भावकीतल्या मुलाचा धीर टिकला. कर्नाटकच्या दूध महासंघाचं "नंदिनी" दूध १९८५ पासूनचं. बंगळूरमध्ये १९८९ पासून "नंधिनी" नावाचं हॉटेल. हॉटेलवाल्यांनी २९ आणि ३० मध्ये आपल्या पदार्थांसाठी अर्ज केला, महासंघानं हरकत घेतली. उच्च न्यायालयात हॉटेलवाले हरले. २६ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं उलटा निकाल दिला. दोन्ही माल एकाच क्लासमध्ये येतात एवढ्यावरून ते सारखे ठरत नाहीत, दूध वेगळं आणि हॉटेलचे पदार्थ वेगळे, दोन्ही चिन्हं दिसायलाही वेगळी. फक्त हॉटेलवाल्यांच्या यादीत दूध आणि दुधाचे पदार्थ राहिले नाहीत. त्याआधी १९९६ मध्ये चारमिनार सिगारेटच्या प्रकरणातही याच न्यायालयानं म्हटलं होतं, की ३४ मध्ये नुसत्या सिगारेटी विकणाऱ्याला तंबाखूचा अख्खा कप्पा स्वतःच्या नावावर अडवून ठेवता येणार नाही. समोरचा जर्दा आणि किवाम विकत होता. म्हणजे क्लास हा खण आहे. खणातली तुमची वस्तू तेवढी तुमची.

गाव-जिल्ह्याच्या नावाचा मोह मात्र सोडा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, ते सगळ्या बागायतदारांचं. "सिंधुदुर्ग कोकम" असं नाव तुम्ही एकट्यानं ट्रेडमार्क म्हणून कुठल्याही क्लासमध्ये मागू नये. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव लावता येतं, पण ती वाट वेगळी.

किती क्लास घ्यायचे

फी क्लासमागे आहे. स्वतःच्या नावानं अर्ज करणारी व्यक्ती, नोंदणीकृत स्टार्टअप किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेला लहान उद्योग असेल, तर ऑनलाइन एका क्लासचे ४५०० रुपये. बाकी कंपन्यांना ९०००. कागदी अर्ज केलात तर सवलतवाल्यांना ५०००, बाकीच्यांना १००००. अर्ज फसला तरी हे पैसे परत येत नाहीत. रातांब्याचे सहाही नंबर घेतले तर २७००० झाले, शिवाय भरून देणाऱ्याचे वेगळे. आमच्यासारख्यांनी एवढं करू नये. ज्या मालावर सगळ्यात जास्त विक्री आहे तो क्लास आधी, दुसऱ्या नंबरचा त्यानंतरच्या हंगामात. ताजे रातांबे टोपलीनं विकणाऱ्याला ३१ कशाला हवा? टोपलीवर नाव कोण लिहितं?

हौसेनं घेतलेला क्लास टिकतही नाही. नोंदणी झाल्यावर पाच वर्षं आणि वर तीन महिने त्या मालावर नाव वापरलंच नाही, तर ज्याला त्याची अडचण होते असा कुणीही ते काढून टाकायला अर्ज करू शकतो.

एका अर्जात अनेक क्लास टाकता येतात, फी तेवढीच. तरी मी प्रत्येक क्लासचा अर्ज वेगळा करायला सांगते. एकत्र केलात आणि २९ वर हरकत आली, तर ३२ सुद्धा तिच्यासोबत अडकून पडतो. अर्ज फोडायची सोय आहे, पण ते परत एक काम.

सेवांचे नंबर लवकर उरकते. स्वतःचा माल स्वतः विकायला ३५ लागतो, हा गैरसमज मी दर आठवड्याला खोडते. दुसऱ्यांचा मालही ठेवणारं दुकान किंवा ऑनलाइन विक्री असेल तर ३५. खानावळ, घरगुती मुक्काम ४३. लोकांची मिरची कांडून देणारी गिरणी ४०, स्वतःचा मसाला असेल तर मात्र ३०.

अर्ज टीएम-ए फॉर्मवर. तो गेला की नावापुढे टीएम लावा, गोलातला आर सर्टिफिकेट आल्यावर आणि सर्टिफिकेटात लिहिलेल्या मालावरच. तपासणीचा अहवाल आला की उत्तराला ३० दिवस. पत्ता, ईमेल नीट द्या आणि ईमेल उघडून बघत जा, नाहीतर त्या मुदतीत कुणाच्या तरी हळदीकुंकवाला असाल. क्लास चुकल्याचं त्यात लिहिलेलं असलं, तर हा मुद्दा सगळ्यात आधी उचला. नंतर नाव ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये येतं, तिथून चार महिने हरकतीसाठी. आधीपासून वापर असेल तर पहिल्या वर्षाची बिलं प्रतिज्ञापत्रासोबत लागतात, आणि ती त्याच मालाची लागतात. मसाल्याचं बिल सरबताला चालत नाही. माझं सरबताचं सगळ्यात जुनं बिल बाजारातल्या एका किराणा दुकानदारानं आपल्या फाइलमधून काढून दिलं. माझी प्रत वाळवीनं खाल्ली होती.

सरबताचा ३२ मी २०१९ मध्ये भरला, आता त्या बाटलीवर आर हक्कानं आहे. ती चार हजार लेबलं मात्र वाया गेली. आर काळ्या शाईनं खोडून बघितला, तर बाटलीला तीट लावल्यासारखी दिसायला लागली. आणि तो तीसचा चुकलेला क्लास? पाच वर्षांची मुदत डोक्यावर होती आणि यादीत मसाले होतेच, म्हणून मालवणी मसाला सुरू केला. गेल्या शिमग्याला सरबतापेक्षा तोच जास्त खपला. नोंदणी दहा वर्षांची असते, माझ्या तीसची २०२७ मध्ये संपते. नूतनीकरणाला सगळ्यांनाच क्लासमागे ऑनलाइन ९००० लागतात, तिथे लहान उद्योगाला सवलत नाही. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून भरता येतात. भरणार आहे, बर्फासकट.